जुन्या रायफलीचा बोल्ट : गंज काढावा, खुणा राखाव्या

खंडेनवमी जवळ आली म्हणजे वऱ्हाडातील जुन्या वाड्यांत एक ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. माडीवरच्या पेट्या उघडतात, बासनांच्या गाठी सुटतात, आणि एरवी वर्षभर कोणाच्या स्मरणातही नसलेली शस्त्रे अंगणात उन्हाला येतात. एखादी म्यानात घट्ट अडकलेली तलवार, एखाद्या भाल्याचे पाते, क्वचित परवान्याची जुनी बंदूक. मग घरातील उत्साही तरुण मंडळी चिंच, राख आणि वाळूचा कागद घेऊन बसतात, व दिवस मावळण्यापूर्वी त्या लोखंडास आरशासारखी चकाकी आणतात. देवघरापुढे पाटावर ती मांडली, त्यांस हळदकुंकू वाहिले, झेंडूची फुले घातली, की वडील माणसे संतोष पावतात. हा संतोष अगदी खरा. परंतु त्या चकाकीची किंमत काय पडली, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा आमचा विचार आहे.

सर्व शस्त्रांचा परामर्श एका लेखात घेणे शक्य नाही. म्हणून आम्ही त्यांतील एकच, आणि तीही अगदी लहान, वस्तू निवडली आहे : जुन्या लष्करी रायफलीचा बोल्ट. ज्यांच्या घरी रायफल नाही, आणि आमच्या बहुतेक वाचकांच्या घरी ती नसणारच, त्यांनी हा विषय परका समजू नये. जो नियम या पोलादाच्या तुकड्यास, तोच आजोबांच्या घड्याळास, पणजीच्या अडकित्त्यास आणि घासून घासून नाकडोळे गेलेल्या देव्हाऱ्यातील अन्नपूर्णेसही लागू आहे.

बोल्ट म्हणजे काय?

वाड्याच्या दिंडीदरवाजास जसा अडसर, तसा रायफलीस बोल्ट. नळीच्या मागल्या तोंडाशी काडतूस बसावयाची कोठी असते. ती कोठी बंद करणारा हा पोलादी दांडा. काडतुसातील दारू पेटली म्हणजे निर्माण होणारा वायू गोळीस पुढे ढकलतो, तसाच मागेही रेटा देतो. तो रेटा सोसून धरणे हे बोल्टाचे पहिले काम. मॅगझिनमधील काडतूस पुढे ढकलून कोठीत बसविणे हे दुसरे. आतील टोकदार दांड्याने काडतुसाच्या टोपीवर आघात करणे हे तिसरे. आणि रिकामे काडतूस आकड्याने धरून मागे ओढून काढणे हे चौथे. चार कामे करणारी ही वस्तू वीतभर लांबीचीही नसते.

बंदुकीच्या इतिहासात बोल्ट फार उशिरा आला. बुलढाणा जिल्ह्याची भूमी शस्त्रांस अपरिचित नाही. सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान व लखुजी जाधवरावांचे ठाणे. साखरखेर्ड्याच्या रणात १७२४ साली निजामउल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला व त्या विजयावरून गावास फत्तेखेर्डा हे नाव दिले. जिल्ह्याच्या शिवेपलीकडे, थोड्याच अंतरावर, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आसईची लढाई झाली. या सर्व प्रसंगी ज्या बंदुका वाजल्या त्या तोंडाकडून ठासावयाच्या होत्या. दारू ओतावयाची, गोळी घालावयाची, गजाने ठासावयाची, मग तोडा लावून किंवा गारगोटीची ठिणगी पाडून ती उडवावयाची. नळीचे मागले टोक कायमचे बंद; तेथे अडसराची गरजच नव्हती. एकोणिसाव्या शतकात तयार काडतूस मागून भरण्याची युक्ती निघाली, तेव्हा कोठीस दार आले, आणि दार आले म्हणून अडसरही आला.

हिंदुस्थानात जो बोल्ट सर्वांत अधिक हाताळला गेला तो ली-एनफील्ड जातीच्या .३०३ रायफलीचा. त्याची कल्पना जेम्स पॅरिस ली या गृहस्थाची. स्कॉटलंडात १८३१ साली जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत यंत्रकार म्हणून नावारूपास आलेला हा मनुष्य. त्याच्या बोल्टास मेटफर्डने योजिलेली नळी जोडून १८८८ साली ली-मेटफर्ड रायफल ब्रिटिश सैन्यात आली. पुढे कॉर्डाइट ही धूरविरहित दारू प्रचारात आली. तिच्या उष्णतेने मेटफर्डच्या नळीतील उथळ आटे लवकर झिजू लागले, म्हणून १८९५ साली एनफील्ड येथील खोल आट्यांची नळी तिच्या जागी आली. बोल्ट मात्र लीचाच राहिला. १९०७ साली या रायफलीचा जो तिसरा नमुना ठरला, तो बंगालमधील इच्छापूर येथील कारखान्यात स्वातंत्र्यानंतरही तयार होत होता.

सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी पलटणी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांच्या जवळील जुन्या रायफली घेऊन त्यांस हा नवा नमुना देण्यात आला. महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेत ज्यांनी दिवस काढले, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या खांद्यास सुमारे ४ किलो वजनाच्या या रायफलीची ओळख असेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुका घेतलेल्या अतिरेक्यांसमोर आमच्या काही पोलिसांच्या हाती होती ती हीच. आणि उत्तर प्रदेशच्या पोलीसदलाने तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी. शंभर वर्षांहून अधिक काळ चाकरी केलेली अशी वस्तू आता सेवेतून संग्रहात जात आहे. तिची निगा कशी राखावी, हा प्रश्न म्हणूनच आजचा आहे.

हात लावण्यापूर्वी

येथे एक गोष्ट अगदी प्रथम सांगितली पाहिजे. लष्करी मापाची .३०३ रायफल सामान्य नागरिकास परवान्यावर मिळत नाही. जिल्ह्यातील जुन्या शिकारी घराण्यांत जी दिसू शकते ती .३१५ मापाची, इच्छापूरच्या कारखान्याने ली-एनफील्डच्याच बांधणीवर केलेली तिची बिनलष्करी बहीण. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपला. ज्या रानांत पूर्वी मचाणे बांधली जात त्यांपैकी ज्ञानगंगा व अंबाबरवा ही आता अभयारण्ये आहेत. बंदूक मात्र भिंतीवर राहिली, आणि परवाना ज्यांच्या नावाचा होता ते आजोबा निघून गेले.

अशा वेळी घरच्या मंडळींची समजूत बहुधा अशी असते की, जुनी, गंजलेली, वर्षानुवर्षे न वाजलेली बंदूक म्हणजे शोभेची वस्तू; तिला कायदा कशास हवा? ही समजूत चुकीची आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने जुन्या नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रास सूट दिली आहे खरी. पण ती केव्हा? दुरुस्ती करून अथवा न करता, कोणत्याही प्रकारे ते बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तेव्हाच. ‘दुरुस्ती करूनही’ या शब्दांत सर्व मर्म आहे. बोल्ट गंजून घट्ट बसला आहे एवढ्याने रायफल निरुपद्रवी ठरत नाही. कारण गंज हा निघू शकतो. शिवाय शस्त्रांचे भाग हेही कायद्याच्या दृष्टीने शस्त्रच. आणि दुसऱ्याच्या बंदुकीची दुरुस्ती करावयाची तर त्यासही परवाना लागतो.

परवानाधारक वारला म्हणजे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावे लागते. वारसास ते हवे असल्यास त्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वतःच्या नावाने परवाना मागावा. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतात, आणि वारशाने आलेल्या शस्त्रांसही ही मर्यादा सुटलेली नाही. एकत्र कुटुंबात वडिलांच्या पश्चात ‘हे सर्वांचेच आहे’ असे म्हणून वस्तू पडून राहतात. भांड्याकुंड्यांस हे चालते, बंदुकीस चालत नाही.

या कायद्याची परंपरा वऱ्हाड-नागपूरकरांस निराळ्या कारणाने ठाऊक असावी. परकीय सरकारने १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाच्या हातचे शस्त्र काढून घेतले. त्या अपमानाविरुद्ध नागपुरास १९२७ साली जनरल मंचरशा आवारी यांच्या पुढाराने शस्त्रसत्याग्रह झाला, आणि लोक उघड्या रस्त्याने तलवारी घेऊन निघाले. आजचा कायदा आपल्याच लोकसभेने केलेला आहे, तो पाळण्यात कमीपणा नाही. पण त्या जुन्या कायद्यामुळे आपल्या घरांत शस्त्रे इतकी थोडी उरली. जी उरली ती म्हणूनच अधिक जपावयास हवीत.

उलगडणे

पुढील वर्णन वाचून कोणी घरी पेचकस घेऊन बसावे असा आमचा हेतू नाही. परवानाधारक मालकाच्या देखत, जाणत्या आर्मररच्या किंवा संग्रहालयातील तज्ज्ञाच्या हाताखाली हे काम कसे चालते ते वाचकांस कळावे, म्हणजे काम देताना काय मागावे व काय नाकारावे हे समजेल.

पहिले कृत्य म्हणजे रायफल रिकामी आहे याची खात्री. मॅगझिन काढावयाचे, बोल्ट मागे ओढावयाचा, आणि कोठीत डोळ्याने पाहावयाचे व बोटानेही चाचपावयाचे. ‘वीस वर्षांत भरली नाही’ ही साक्ष येथे ग्राह्य नाही.

दुसरे कृत्य लेखणीचे. प्रत्येक बाजूची छायाचित्रे घ्यावयाची. बोल्टाच्या मुठीच्या बुडाशी कोरलेला क्रमांक, नळीवरचा क्रमांक, मागील भागावरील शिक्के हे सर्व एका वहीत उतरून घ्यावयाचे. हे टिपण पुढील सर्व कामाचा पाया होय.

मग बोल्ट बाहेर येतो. या जातीत तो पूर्ण मागे ओढला, की त्याच्या पुढल्या टोकाशी असलेले ‘बोल्ट-हेड’ वर उचलावे लागते. उजव्या कडेवरून ते सुटले म्हणजे सबंध बोल्ट मागून हातात येतो. बोल्ट-हेड हे आट्यांनी बसविलेले असल्याने फिरवून निघते. त्याच्यातच काडतुसाची कड पकडणारा लहानसा आकडा, त्याची इवलीशी स्प्रिंग आणि स्क्रू असतो. बोल्टाच्या मागल्या बाजूस खटक्याचा तुकडा दिसतो, त्यास कॉकिंग-पीस म्हणतात. त्यातील अडकणीचा स्क्रू काढल्यावर, पुढून एक खास हत्यार आत घालून टोकदार दांडा, म्हणजे स्ट्रायकर, फिरवून सोडवितात. त्याच्याभोवती मुख्य स्प्रिंग गुंडाळलेली असते. ही स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत असल्यामुळे हे काम सावकाश, डोळ्यांस चष्मा लावून व वस्तू तोंडापासून दूर धरून करावयाचे असते. खास हत्यारावाचून पकडीने दांडा फिरविण्याचा खटाटोप करणारे लोक स्ट्रायकरच्या खाचा कायमच्या बिघडवितात.

अशा रीतीने सुटे झालेले भाग पांढऱ्या कपड्यावर, निघाले त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे मांडतात. सात-आठ तुकडे, त्यांतला एखादा ज्वारीच्या दाण्याएवढा. घरातील लहान मुलांना हा देखावा दाखविण्याजोगा आहे, मात्र अंतरावरून.

गंज कोणता, मळ कोणता

आता खरा कसोटीचा भाग आला. जुन्या बोल्टावर जे काही दिसते ते सर्व गंजच असते असे नाही. तपकिरी चिकट थर हा पुष्कळदा वाळलेल्या तेलाचा असतो. आमच्या भागात जवस व करडई यांचा सुकाळ. घरात जे तेल हाताशी असेल ते लोखंडास चोळण्याची रीत पडली. पण जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून वाळते व राळेसारखे घट्ट होते. म्हणूनच ते रायफलीच्या लाकडी दस्त्यास उत्तम. ब्रिटिश सैन्यात दस्त्यास कच्चे जवसाचे तेलच चोळीत. तेच बोल्टाच्या आत गेले म्हणजे स्प्रिंग जखडते. करडईचे तेलही कमीअधिक प्रमाणात असेच वागते. लोखंडास हवे ते खनिज तेल. शिवणयंत्रास घालतो ते पातळ तेल त्याच वर्गातले. वाळलेला थर रॉकेलमध्ये भाग एक-दोन दिवस भिजत ठेवला म्हणजे मऊ पडतो आणि कापडाने निघून येतो. खाली पुष्कळदा मूळची काळसर झिलई शाबूत सापडते. खरवडण्याची घाई केली असती तर ती गेली असती.

दुसरा शत्रू मिठाचा. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेटले म्हणजे मागे पोटॅशियम क्लोराइड उरते; ते आपल्या स्वयंपाकातील मिठाचे जवळचे भावंड. पावसाळ्यात मिठाच्या बरणीस पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तेच नळीत व बोल्टाच्या तोंडावर घडते : क्षार हवेतील ओल ओढतो, आणि लोखंड कुरतडले जाते. वरून कितीही तेल लावा, तेलात मीठ विरघळत नाही. म्हणूनच सैन्यात गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतण्याची शिस्त होती. पाण्याने क्षार विरघळतो, आणि तापलेले पोलाद आपोआप कोरडे पडते, मग तेल. लोखंडास पाणी म्हणजे अपाय, अशी आपली सरसकट समजूत. पण येथे पाणी हेच औषध, आणि नुसते तेल हे दुखण्यावर घातलेले पांघरूण.

तिसरा तो खरा गंज. त्यातही भेद आहे. तांबूस, भुसभुशीत, बोटास लागणारा गंज जिवंत. तो पसरत जातो. काळसर-निळसर, घट्ट, गुळगुळीत थर हा लोखंडाचाच दुसरा ऑक्साइड. तो खालच्या पोलादाचे पुष्कळसे रक्षण करतो. पहिला काढावयाचा, दुसऱ्यास हात लावावयाचा नाही. तांबूस गंजावर पातळ तेल सोडून वाट पाहावी. नंतर बांबूची कामटी, तांब्या-पितळेच्या मऊ तारांचा बोळा, जाडसर कापड यांनी हलके घासावे. पितळ पोलादाहून मऊ असल्यामुळे गंज निघतो व पोलादावर ओरखडा उठत नाही. वाळूचा कागद, कानस, दुचाकीच्या दुकानातील फिरते चाक ही तिन्ही येथे निषिद्ध.

चिंच, लिंबू व राख यांविषयी दोन शब्द. पितळेच्या समईस ती चालतात, म्हणून लोखंडास चालतील असे नाही. आंबटाने गंज जातो, तसा झिलईचा थरही जातो, आणि उघडे पडलेले पोलाद पहिल्याच पावसात पुन्हा तांबारते. याउलट आपल्याकडील एक जुना पदार्थ लोखंडास मानवतो, तो म्हणजे हिरडा. हिरड्याच्या काढ्यात हिराकस मिसळून पूर्वी पोथ्यांची काळी शाई करीत. हिरड्यातील तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून जो काळा, स्थिर संयोग बनतो, त्याच तत्त्वावर संग्रहालयांतील तज्ज्ञ अतिशय कुजलेल्या लोखंडावर टॅनिक आम्लाचा लेप देतात. हा उपाय जमिनीतून निघालेल्या जर्जर वस्तूंसाठी. झिलई शिल्लक असलेल्या बोल्टासाठी नव्हे, हे ध्यानात असावे.

अक्षरे वाचावी

मळ निघाला म्हणजे पोलाद बोलू लागते. इच्छापूरच्या रायफलीवर राजमुकुट, त्याखाली जी.आर.आय. ही अक्षरे, गावाचे नाव आणि साल असते. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. राजसत्तेचा पालट एवढ्याशा जागेत कोरलेला दुसरा कोठे पाहावयास मिळेल? बाणाच्या खुणेखाली ‘आय’ हे अक्षर असल्यास ती वस्तू हिंदुस्थान सरकारच्या मालकीची होती. दोन बाण टोकास टोक भिडलेले असल्यास ती सरकारी सेवेतून विकली गेली. ‘डी.पी.’ ही अक्षरे असल्यास ती केवळ कवायतीस योग्य, गोळी झाडण्यास अयोग्य म्हणून ठरविलेली. ही खूण घासून टाकणे म्हणजे औषधाच्या बाटलीवरील ‘विष’ ही चिठ्ठी काढून टाकण्यासारखे आहे.

या शिक्क्यांची खोली कागदाच्या जाडीहून फारशी अधिक नसते. चकाकीच्या हौसेने दोन-चार वेळा वाळूचा कागद फिरला, की ते पुसट होतात. वर निकेलचा मुलामा चढविला, की बुजतात. खामगावच्या चांदीच्या पेढीवर जुनी समई उजळून आणली तर ती नव्यासारखी होते, आणि तसेच व्हावे हीच अपेक्षा असते. ऐतिहासिक लोखंड नव्यासारखे होणे म्हणजे मात्र त्याचे वय, गाव, मालक व चाकरी यांचा दाखला फाडणे होय. लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळातील शिल्पांवर कोणी हौसेने टाकी चालवून दगड ‘स्वच्छ’ करू म्हणेल, तर आपण त्यास थांबवू. वीतभर पोलादास ती मर्यादा का नसावी?

जोडणे, आणि जोडूनही न झाडणे

उलगडले त्याच्या उलट क्रमाने जोडावयाचे. स्ट्रायकरचे मागले टोक कॉकिंग-पीसच्या पाठीशी बरोबर समपातळीत आले पाहिजे, नाहीतर अडकणीचा स्क्रू बसत नाही. बोल्ट-हेड हाताने फिरवून जागेवर आणावयाचे. बोल्ट आत सरकला, हेड उजव्या कडेवर टक् असा आवाज करून बसले, की काम संपले. बळ लागत असेल तर काही तरी चुकले आहे असे समजावे.

येथे मुठीच्या बुडाशी असलेल्या क्रमांकाचे महत्त्व कळते. पोलीस व सैन्याच्या शस्त्रागारात, ज्यास कोत म्हणतात, बोल्ट आणि रायफल वेगवेगळ्या ठेवण्याची रीत होती. हेतू हा की, चोरास रायफल सापडली तरी बोल्टावाचून ती काठीच राहावी. पण यामुळेच एकीचा बोल्ट दुसरीत जाण्याचे प्रकार घडतात. तो सहज आत जातो, मागेपुढे सरकतोही. पाहणारास काही उणे दिसत नाही. आणि तेथेच धोका आहे. या काडतुसाच्या बुडाशी एक कड असते. बोल्टाचे तोंड व नळीचे बूड यांच्यामध्ये त्या कडेपुरतीच जागा असावी लागते. ती किमान ०.०६४ व कमाल ०.०७४ इंच, म्हणजे उण्याअधिकाची मुभा अवघ्या इंचाच्या शंभराव्या भागाची. जागा याहून अधिक झाली तर काडतुसास मागून आधार राहत नाही, ते फाटू शकते, आणि तप्त वायू झाडणाराच्या तोंडावर येतो. कारखान्यात प्रत्येक बोल्ट आपापल्या रायफलीस जुळवून मगच दोहोंवर एकच क्रमांक कोरीत, तो याकरिता. सोयरिकीत कुंडल्या जुळल्याचे लोक पाहतात. येथे आकडे जुळल्यावाचून संबंध करूच नये.

क्रमांक जुळले तरी ‘एकदा वाजवून पाहू’ हा मोह आवरावा. पोलाद आतून कोठे चिरले आहे हे डोळ्यास दिसत नाही. दसऱ्याच्या मिरवणुकीत एक बार काढण्याच्या हौसेपायी एखाद्याचा डोळा किंवा बोटे जाणे, ही कोणत्याही घराण्याच्या इतिहासात भर नव्हे. आम्ही स्पष्टच सांगतो : जुन्या रायफलीच्या बाबतीत उद्देश प्राणप्रतिष्ठेचा नसावा. स्मृतिरक्षणाचा असावा.

घाट आणि पायनघाट

स्वच्छ केलेली वस्तू ठेवावी कशी? जिल्ह्याची हवा दोन परींची. वर घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव. खाली उन्हाळा कडक. त्यात दस्त्याचे लाकूड आकसते. वर पावसाळ्यात धुके व गारवा. त्यात लोखंडावर ओल धरते. दोन्हीकडे उपाय एकच : हवेतील चढउतार त्या वस्तूपर्यंत पोचू देऊ नयेत. बाहेरच्या भिंतीस टेकून, मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याशी लागून ती ठेवू नये. घराच्या आतल्या बाजूच्या कोरड्या कपाटात ठेवावी. चामड्याच्या म्यानात किंवा लोकरी बासनात गुंडाळून ठेवणे हे सर्वांत वाईट. चामडे ओल धरते व त्यातील कमावणीची द्रव्ये लोखंडास लागतात. उघड्या हाताचा घामही खारट. म्हणून सुती हातमोजे घालावे. कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवावी व पावसाळ्यात ती तापवून पुन्हा कोरडी करावी. खनिज तेलाचा बोट फिरविल्याएवढाच पातळ थर, किंवा संग्रहालयांत वापरतात ते मेणाचे रोगण, एवढे पुरे. स्प्रिंग ताणलेली राहू नये म्हणून खटका उतरवून ठेवावा.

आणि पूजा? ती अवश्य करावी. पण ओले कुंकू, पाणी शिंपडलेली फुले व अक्षता रात्रभर लोखंडावर ठेवू नयेत. शस्त्राखाली स्वच्छ वस्त्र घालावे, हळदकुंकू त्या वस्त्रावर वाहावे, फुले पाटाच्या कडेने मांडावी, आणि विसर्जनाबरोबर शस्त्र पुसून, तेल फिरवून जागेवर ठेवावे. ज्या साधनाची आपण पूजा करतो, त्या साधनास पूजेनेच अपाय होऊ नये, यात शास्त्रास बाधा येण्याजोगे काही नाही.

ज्या घरांना हा सांभाळ झेपत नसेल, किंवा नव्या पिढीत परवाना घेण्याची कोणाची इच्छा नसेल, त्यांनी वस्तू भंगारात किंवा विहिरीत टाकण्याचा विचार मनात आणू नये. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून उभे आहे आणि त्यात शस्त्रांचे दालन आहे. पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने अशा ठिकाणी विचारपूस करता येईल. देताना वस्तूबरोबर एक कागद अवश्य द्यावा : ही कोणाची, कोठून आली, कोणी वापरली, घरात हिच्याविषयी काय सांगत असत. वडील माणसे हयात आहेत तोवरच तो कागद लिहिता येतो. बोल्टावरील क्रमांक पोलाद सांगेल. तो बोल्ट कोणाच्या हाताने ओढला गेला, हे मात्र घरच्या माणसांनीच सांगितले पाहिजे. येत्या नवरात्रापूर्वी, वाळूच्या कागदाऐवजी तो लिहिण्याचा कागद घेऊन आमच्या वाचकांनी आजोबा-आजींजवळ तासभर बसावे, एवढी विनंती आहे.